उशिरा पडलेला ढोल

गाण्याची कडवी छाटून नुसतं ध्रुवपद ठेवलं की काय उरतं, हे आनेग्रेट तेरहोर्स्टला कोलोनमधल्या रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत बसून ऐकावं लागलं. एक शिट्टी उरली होती. दोन ट्रम्पेट कुठूनतरी आणून चिकटवले होते. मध्येमध्ये तिचाच सपाट आवाज म्हणत होता, ‘बाप बसलाय, बाप बसलाय.’ आणि त्यावर कुणीतरी खोखो हसल्याचा आवाज घातला होता. तो कंपनीला फुकटच मिळाला असणार.

“पाय आपोआप उचलतात की नाही?” डीकमन म्हणाला. कंपनीत आनेग्रेटच्या बँडचं गाणं याच्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ डोंगर, दऱ्या आणि गवळणींची गोड गाणी खपवायचा. आता लेदरचं जॅकेट घालून यंत्रांवरची गाणी खपवत होता. घसा मात्र तोच होता, गोड.

“माझी तीन कडवी कुठं गेली?”

“कडवी असू दे गं घरी. लोक बिअर पिऊन कडवी पाठ करतात का? पुढच्या महिन्यात कार्निव्हल. अख्ख्या ऱ्हाइनकाठाला हातात हात घालून डोलायला एक गाणं लागतं, आणि ते यंदा तुमचं आहे. लोक यासाठी देवळात मेणबत्त्या लावतात.”

आनेग्रेटनं इंगोकडे पाहिलं. इंगो म्हणजे तिच्या बँडचा दुसरा आणि शेवटचा माणूस. यंत्रं त्याची, शब्द तिचे. तो मनगटावरच्या नव्या घड्याळाची बटणं दाबत होता. करारावर सही करताना दोघांनी आपापली नावं बरोबर छापली आहेत ना एवढंच पाहिलं होतं, त्यामुळे आता बटणं दाबण्यापलीकडे त्याच्याही हातात काही नव्हतं. तरी एक शब्द बोलायला त्याचं काय जात होतं, असं तिला वाटलं आणि ती मनातल्या मनात चडफडली.

त्या काळात जर्मनीत कुणी पत्र्याचा डबा मायक्रोफोनपुढे आपटून दोन जर्मन शब्द बोलला, तरी कंपन्या दारात उभ्या राहत. आनेग्रेट आणि इंगोनं क्रेफेल्ड गावात, तिच्या घराखालच्या तळघरात, एक सिंथेसायझर आणि एक ताल धरणारी पेटी घेऊन, चार गाणी बसवली होती. बँडचं नाव ‘कँटीन दक्षिण’. मखमल विणणाऱ्या ज्या गिरणीत तिचे वडील हुबर्ट तेरहोर्स्ट उभा जन्म राबले, तिथल्या विणकरांच्या कँटीनचं हे नाव. गिरणी दीड वर्षापूर्वी बंद पडली. कँटीनच्या खुर्च्या सुद्धा लिलावात गेल्या.

गाणं सापडलं ते त्याच तळघरात. एका सकाळी राहिलेली वायर आणायला ती खाली गेली, तर कोळशाच्या खोक्याशेजारी, दिवा न लावता, पप्पा बसलेले. अंगावर गिरणीतला निळा कोट. मांडीवर डबा. आईनं कागदात बांधून दिलेला पाव ते सावकाश सोडत होते, गिरणीत न्याहारीच्या सुट्टीत सोडायचे तसाच. त्यांनी तिला पाहिलं नाही. ती वायर न घेताच वर आली, आणि दुपारपर्यंत गाणं लिहून मोकळी झाली.

बाप डबा भरतो.
बाप जिना उतरतो.
कोळशापाशी डबा उघडतो.
बाप बसलाय.

असं पहिलं कडवं. तिसऱ्यात आई विचारते, ‘कसा गेला दिवस?’ बाप म्हणतो, ‘बरा.’ आई म्हणते, ‘बरं झालं.’ गाताना तिनं आवाजात जरासुद्धा चढउतार ठेवला नव्हता. ती रडली असती तर गाणं तिचं झालं असतं, आणि तिला ते पप्पांचंच ठेवायचं होतं. रेकॉर्ड निघाली तेव्हा तिनं ती मोठ्या आशेनं घरी आणून लावली. पेटीचे पहिले चार ठोके पडले आणि पप्पा उठले. “यंत्रांचा खडखडाट आयुष्यभर ऐकलाय गं. घरात तरी नको,” म्हणाले आणि अंगणात गेले. त्यांनी हे ऐकावं, आपल्याला कुणीतरी पाहिलं आहे एवढं त्यांना कळावं, यापलीकडे तिला त्या गाण्याकडून काही नको होतं. बाकी सगळं मिळत गेलं. तेवढं मिळेना.

आता जानेवारीअखेर छाटलेलं गाणं रेडिओवर आलं आणि आठवड्यात गावभर झालं. शिट्टीची चाल घरोघरी पोचली. आणि एका संध्याकाळी आनेग्रेट घरी आली, तर स्वयंपाकघरात पप्पाच ती शिट्टी वाजवत होते.

टेबलावर काळा पाव, चीज आणि आंबवलेल्या काकड्या होत्या. पप्पांचे गाल लाल झाले होते. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी असं पाहिलं नव्हतं.

“अध्यक्ष भेटले आज,” ते म्हणाले. अध्यक्ष म्हणजे त्यांच्या कार्निव्हल मंडळाचे. हे मंडळ दरवर्षी गाण्याविनोदांची बैठक भरवी. पप्पा मंडळाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. गिरणी गेली तरी ढोल राहिला होता. शर्टाला इस्त्री होई ती तेवढ्याचसाठी. “म्हणाले, हुबर्ट, पोरगी रेडिओवर गाते आणि आपल्या बैठकीत गात नाही, हे काय? मी म्हटलं, विचारतो. मोठी माणसं नखरे करतात.”

“पप्पा, ते गाणं नीट ऐकलंत का तुम्ही?”

“नीट म्हणजे? बेकरीत गेलं तरी तेच. तो आळशी बाप. चांगलं जमलंय.”

“तो आळशी नाहीये.”

“नसेल बाई. कार्निव्हलमध्ये एवढी चौकशी कोण करतं? गाशील ना?”

आईनं ताटलीतून मान वर केली नाही. पाव कापायची सुरी तिनं उगाच दोनदा पुसली. तिला सगळं ठाऊक होतं. रोज पाव बांधून देणारी तीच, आणि संध्याकाळी दिवस कसा गेला हे विचारणारीही तीच. आनेग्रेटला त्या क्षणी दोघांचा इतका राग आला, की तोंडाशी आलेलं सगळं तिनं काकडीच्या फोडीबरोबर गिळून टाकलं.

“गाईन,” ती म्हणाली.

इंगोला तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, की बैठकीत छाटलेलं नाही, मूळ गाणं गायचं. तिन्ही कडव्यांचं.

“कार्निव्हलच्या बैठकीत?” इंगो म्हणाला. “तिथले लोक तू तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात, बये. तिकिटातच हसू धरलेलं असतं.”

“हसू देत. पहिल्या कडव्यापर्यंत हसतील. मग कळेल.”

“म्हणजे डोक्यावर घुंगरांची टोपी घालून तू सहाशे माणसांना रडवणार.”

“मला सहाशे नकोत. एकच पुरे.”

इंगोनं यंत्राच्या खुंट्या उगाच पिरगाळल्या. “डीकमन येणार आहे बघायला. पुढची रेकॉर्ड त्याच्या हातात आहे. आई धुणं धुतेय असं काहीतरी लिही म्हणतोय तो. बाप झाला, आता आई.”

“तू काय म्हणालास त्याला?”

“म्हटलं, विचारतो,” इंगो म्हणाला. ज्याला त्याला विचारायचंच होतं.

कार्निव्हलच्या रविवारी दुपारी मंडळाची बैठक भरली. लांबच लांब टेबलं, बिअरच्या वाफा, सॉसेजचा वास, आणि व्यासपीठावर लांब टोप्या घातलेली अकरा मंडळी ओळीनं बसलेली, जणू न्यायनिवाडाच करणार आहेत. दारापाशीच आनेग्रेटला कागदी टोपी देण्यात आली. ती नको म्हणाली. स्वयंसेवक म्हणाला, व्यासपीठावर उघड्या डोक्यानं आजवर एक बिशपसुद्धा चढलेला नाही. पाच मिनिटं वाद घालून तिनं टोपी घातली. टोपीचं इलॅस्टिक हनुवटीला काचत होतं. इंगोचा सिंथेसायझर थंड गाडीतून आला आणि गरम हॉलमध्ये शिरला, तो लगेच बेसूर झाला. स्वयंसेवकांनी तो मदत म्हणून हीटरशेजारी नेऊन ठेवला होता. इंगो खुंट्या पिरगाळत शिव्या देत होता, त्याही हळू आवाजात, कारण डीकमन पुढच्या टेबलावर बसला होता.

त्यांच्या आधी एक जाडगेला माणूस पिंपात उभा राहून यमकांत विनोद सांगत होता. सासू, शेजारचं ड्युसेलडॉर्फ, नगरपालिका. प्रत्येक विनोद संपला की बँडमास्तर ह्यूस्गेस हात वर करी आणि बँड टुश वाजवी. टुशशिवाय इथं विनोद पुरा होत नाही. तो वाजला म्हणजे हसायची परवानगी मिळाली. ट्रम्पेटांच्या तीन चढत्या आरोळ्या आणि शेवटी ढोलावर एक दणका. ढोल पप्पांचा. पाठ ताठ, शर्ट पांढराशुभ्र, नजर बँडमास्तरच्या हातावर. दणका कधी क्षणभर पुढेमागे होत नसे. ते काम ते गिरणीतल्यासारखं करत होते.

मग अध्यक्षांनी नाव पुकारलं. “आपल्या हुबर्टची आनेग्रेट,” म्हणाले. हॉलनं तीनदा ‘हेलाऊ’ असा कार्निव्हलचा जयघोष केला, पप्पांनी बसल्या जागी छाती जरा पुढे काढली, आणि लोकांनी शिट्टीच्या अपेक्षेनं शेजाऱ्याच्या हातात हात घातले.

शिट्टी आली नाही. इंगोनं मूळ टेप लावली. पेटीचे कोरडे ठोके सुरू झाले आणि आनेग्रेट हात खाली सोडून उभी राहिली.

“बाप डबा भरतो. बाप जिना उतरतो. कोळशापाशी डबा उघडतो. बाप बसलाय.”

क्षणभर शांतता झाली. झालं, समजलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक बाई फिस्सकन हसली, आणि तिच्यामागून सगळा हॉल. कोळशापाशी डबा. वा. ह्यूस्गेसनं सवयीनं हात वर केला. ट्रम्पेट चढले, ढोल पडला. अगदी वेळेवर.

आनेग्रेटला वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. पण टेप थांबत नाही, टेपला काय. तिनं दुसरं कडवं घेतलं, आवाज आणखी सपाट करून, एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकत.

“भोंगा वाजत नाही. बाप घड्याळ बघतो. कागदाची घडी घालून ठेवतो. बाप बसलाय.”

ती जितकी गंभीर होई तितके लोक जास्त हसत. असा चेहरा ठेवून विनोद करणं किती अवघड, हे त्यांना माहीत होतं. ते दिलखुलास दाद देत होते. अध्यक्ष डोळे पुसत होते. डीकमन टेबलावर थाप मारत होता. पुन्हा हात वर, पुन्हा ट्रम्पेट, पुन्हा ढोल. तिला ओरडावंसं वाटलं, की अरे बाबांनो, हा तुमच्यातलाच आहे, तुमच्यातले निम्मे त्याच गिरणीतले आहेत. पण कडव्यात ओरडायला जागा नव्हती. जागा तिनंच ठेवली नव्हती.

तिसऱ्या कडव्याला तिनं लोकांकडे पाठ केली आणि ती पप्पांकडे पाहून गायली.

“आई विचारते, कसा गेला दिवस. बाप म्हणतो, बरा. आई म्हणते, बरं झालं. बाप बसलाय.”

हॉल उठून उभा राहिला. लोक खुर्च्यांवर चढले. ह्यूस्गेसचा हात वर गेला, ट्रम्पेट एक, दोन, तीन पायऱ्या चढले आणि ढोलाची जागा आली.

ढोल पडला नाही.

पप्पा काठी हातात धरून तिच्याकडे बघत होते. तोंड किंचित उघडं. बँडमास्तरच्या हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं. इतके महिने तिला जे हवं होतं ते तिच्यासमोर, चार हातांवर होतं. आणि आता तिला फक्त एवढंच वाटलं, की त्यांनी ढोल मारावा. मारा ना पप्पा, एकदा मारा, सुटू दे हे. हशा ओसरला. लोक ढोलाची वाट बघू लागले. ह्यूस्गेसनं डोळे मोठे केले. सहाशे माणसं माना उंच करून त्या एका काठीकडे पाहत राहिली.

तेव्हा पप्पांना भान आलं. त्यांनी घाईघाईनं काठी उचलली आणि पूर्ण शांततेत ढोलावर एकच दणका हाणला.

त्या दुपारचं सगळ्यांत मोठं हसू त्याला मिळालं. लोक टेबलांवर कोसळले. “हुबर्ट,” अध्यक्ष ओरडले, “झोपला होतास की बसला होतास?” आणि बँडनं त्यावर टुश वाजवला. या खेपेला ढोल वेळेवर होता.

पडद्यामागे डीकमन तिला मिठी मारायलाच आला.

“तो उशिराचा ढोल. कुणाच्या डोक्यातून निघाला? मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं टायमिंग पाहिलं नाही. रेकॉर्डवर घेऊ. आणि आईच्या गाण्यातही शेवटी तोच. म्हातारा मोफत येईल ना?”

“ते माझे वडील आहेत.”

“मग तर फारच छान.”

आनेग्रेटनं इंगोकडे पाहिलं. या खेपेला घड्याळाची बटणं नव्हती. तो सिंथेसायझरची वायर कोपरावर गुंडाळत होता आणि खरोखरच खालच्या मानेनं विचार करत होता.

“कल्पना वाईट नाहीये, आनेग्रेट,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे, ढोल म्हणून.”

“मग घ्या. ढोल घ्या, आई घ्या, माझा आवाज टेपवर आहेच, तोही घ्या. मी नाहीये यात.”

“असं कसं? तुझ्याशिवाय कँटीन कसलं?”

“बंद पडलेलं,” ती म्हणाली. आठ महिने चाललेल्या बँडचा कारभार एवढ्यावर आटोपला. टोपी अजून डोक्यावरच होती, हे तिला बाहेर आल्यावर कळलं.

पप्पा मागच्या दारापाशी ह्यूस्गेससमोर उभे होते. ह्यूस्गेस त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता, आणि तो हातच तिला खटकला. “मनावर घेऊ नकोस, हुबर्ट. होतं वयानं. मंगळवारच्या मिरवणुकीला श्मित्झच्या पोराला घेतो ढोलावर, तू झांजा धर. झांज हलकी.” पप्पा म्हणत होते, बरं. जाताना ह्यूस्गेसनं तिचंही अभिनंदन केलं.

दोघं ट्रामच्या थांब्याकडे चालू लागले. रस्त्यावर कागदी फिती भिजून चिकटल्या होत्या. सशाचं सोंग घेतलेला एक मनुष्य दुकानाच्या पायरीवर बसून चिप्स खात होता. तो पप्पांना पाहून ‘बाप बसलाय’ म्हणाला आणि पप्पांनी त्याला सवयीनं हात केला. पप्पांनी रागवावं म्हणून आनेग्रेट वाट बघत होती. रागाला द्यायची उत्तरं तिच्याकडे भरपूर होती. कित्येक महिने तिनं ती घासूनपुसून ठेवली होती.

“पप्पा, मला तुमची थट्टा करायची नव्हती.”

“ते माहितीये.”

“लोकांना कळलंच नाही. त्यांनी गाढवपणा केला.”

“लोकांना टुश वाजला की हसायचं असतं. त्यांचं काय चुकलं? चुकलं माझं. आधी बोलली असतीस तर मी वेळेवर मारला असता.”

थांब्यावर छपराखाली दोघं उभे राहिले. ट्राम अजून दूर होती. पप्पांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून ढोलाची काठी पुसली आणि पुन्हा बगलेत धरली.

“खाली दिवासुद्धा लावत नव्हतो मी,” ते म्हणाले. “म्हटलं, कुणाला दिसायला नको. आता बेकरीवालीला ठाऊक, अध्यक्षांना ठाऊक, वरच्या मजल्यावरच्या बाईला ठाऊक. कोळशापाशी, म्हणतील.”

“पप्पा—”

“नाही, रागावून नाही विचारत. तू शिकलेली आहेस, गावात फिरतेस, तुला माहीत असेल म्हणून विचारतो.” ट्रामचा दिवा वळणावर दिसला, तसे ते रुळांच्या दिशेनं एक पाऊल पुढे झाले. “परवापर्यंत कार्निव्हल आहे, तोवर ठीक. बुधवारपासून डबा घेऊन जाऊ कुठं?”